मदत हवी आहे: बेळगावजवळ शनिवार-रविवारचं रिट्रीट (एकांतातली साधना), शक्यतो मराठीतून

मच्छेकर:

सर्वांना सलाम. मी बेळगावचा, मेथडिस्ट. बायको खानापूर तालुक्यातली, कॅथलिक. दोघं आपापल्या चर्चला जातो, नाताळ-ईस्टरला एकमेकांच्या. त्यावरून घरात कधी वाद नाही. अडचण माझी स्वतःची आहे.

मी आमच्या मंडळीचा खजिनदार. दानार्पणाच्या पिशव्या पुढे आल्या की माझं मन उपासनेतून उठतं. पाळक आशीर्वाद देत असतात आणि मी लाइटबिल, पंख्याची दुरुस्ती, कुणाची वर्गणी राहिली, हे जुळवत असतो. शेवटचं गीत चालू असतानाच मी व्हेस्ट्रीत, म्हणजे चर्चच्या बाजूच्या खोलीत, दहा-दहाच्या नाण्यांच्या चळती रचायला बसतो. घरी बायबल उघडतो ते संडे स्कूलचा धडा तयार करायला. प्रार्थना करतो, म्हणजे म्हणतो. विश्वास गेलाय असं नाही. भांडी लखलखीत, चूल मात्र थंड, असा प्रकार आहे.

काय नको ते आधी सांगतो. उज्जीवन सभा नको. वाईट असतात म्हणून नाही, लहानपणापासून त्या मांडवात बसलोय. लाउडस्पीकर, कीबोर्ड, हात वर करा, पुढे या. मलाही रडू आलेलं आहे. पण सोमवारी उद्यमबागेत भट्टीसमोर उभा राहिलो की सगळं ओसरतं. मला दोन दिवस शांत बसायचंय, आणि कुणीतरी जाणतं माणूस सोबत हवंय, जे मधून मधून विचारेल, काय चाललंय म्हणून.

रविवारला जोडून एकच रजा मिळते. शुक्रवारी संध्याकाळी निघून रविवारी रात्री परत यायला हवं. कन्नड कामापुरतं येतं, पण मनातलं बोलायला मराठीच लागते. कॅथलिकांच्या रिट्रीटला मेथडिस्ट माणसाला घेतात का? मिस्सेच्या, म्हणजे त्यांच्या उपासनेच्या, वेळी मी काय करायचं? बायकोही येईन म्हणते. खर्च किती धरावा?

घाटावरची:

खानापूर तालुक्यातूनच लिहिते. तुम्हाला हवी ती मौन साधना. जेझुइट या कॅथलिक फादरांच्या संघाची ही जुनी पद्धत. त्यांचा संस्थापक संत इग्नातियसनं घालून दिली, पोपची मान्यता 1548 ची. पूर्ण साधना चार 'आठवड्यांची', म्हणजे साधारण तीस दिवसांची. आठ दिवसांची, तीन दिवसांची ही त्याची आटोपशीर रूपं.

आपल्याला जवळचं ठिकाण म्हणजे गोव्यात मडगावजवळ राया इथलं पेद्रो आरुपे इन्स्टिट्यूट. जांबोटी-चोर्लामार्गे उतरायचं. पावसाळ्यात मात्र घाटाचा भरवसा धरू नका. तिथं इंग्रजी-कोंकणी जास्त चालतं, मराठी मागून घ्यावी लागेल. पण मौनात प्रवचन असं थोडंच असतं. फादर एखादा उतारा देतात, थोडकं बोलतात, की तासभर तुम्ही आणि तो उतारा. भाषेचा प्रश्न येतो तो रोज मार्गदर्शकाशी अर्धा तास बोलताना. गोव्याचे जेझुइट बेळगाव-खानापूर भागातही काम करतात, त्यामुळे मराठी समजणारे फादर असतात. नाव देतानाच 'मराठीत बोलणारे हवेत' असं स्पष्ट सांगा.

मेथडिस्ट असल्यानं अडत नाही, फक्त आधी सांगून ठेवा. मिस्सेला बसायचं, गायचं, प्रार्थना करायची, पण कम्युनियन, म्हणजे तुमचं प्रभुभोजन, घ्यायचं नाही. हात छातीवर दुमडून पुढे गेलात तर बरेच फादर डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतात. कुमसाराची (फादरांपुढे पापं कबूल करण्याची) सक्ती तुमच्यावर नाही. तुमच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाला सगळ्यांना बोलावतात, त्यामुळे हे तुम्हाला जरा टोचेल. मला विचाराल तर टोचावं. दोन चर्चच्या मधली भिंत आपण लग्नाच्या जेवणात विसरतो, तिथं ती दिसते.

एक कुणी सांगत नाही ते सांगते. शनिवारी दुपारी जेवणानंतर भयंकर कंटाळा येतो. फोन जमा केलेला, बोलायचं नाही, झोप झालेली. मी खिडकीच्या गजावरून जाणाऱ्या मुंग्या बघत बसले होते आणि डोक्यात शाळेच्या उत्तरपत्रिका. पुष्कळांना तेव्हाच घरचं काम आठवतं आणि बॅग भरावीशी वाटते. ती दुपार काढा. मला तरी जे मिळालं ते त्या दुपारनंतर.

कॅम्पातला:

मुरिंगूरला जावा की! केरळात चालकुडीजवळचं डिव्हाइन रिट्रीट सेंटर. मी जाऊन आलोय, माणूस बदलतो बघा. गाणी काय, साक्षी काय, आराधना काय! रविवार ते शुक्रवार असतंय. तेवढं लांब नको असेल तर कल्याणचं ताबोर आश्रम, तेही डिव्हाइनसारखं व्हिन्सेन्शियन संघाच्या फादरांचंच. तिथल्या तारखा मात्र फोन करून विचारून घ्या.

मच्छेकर:

@कॅम्पातला, रविवार ते शुक्रवार रजा मिळाली तर पहिले दोन दिवस मी झोपणारच. आणि गाणी-साक्षी नकोत म्हणूनच तर विचारलं. तरी कल्याणचं टिपून ठेवलं.

@घाटावरची, मुंग्यांचं वाचून धीर आला. पण रायाला जागाच मिळाली नाही तर?

निपाणीचा म्हातारा:

निवृत्त पाळक आहे, स्पष्ट लिहितो. भाऊ, रिट्रीटला जा, पण त्याआधी हिशेबाची वही दुसऱ्याच्या हातात द्या. सुटीपुरती नव्हे, निदान वर्षभर. खजिनदार, संडे स्कूल, पुढे समितीचं सेक्रेटरीपदही गळ्यात पडेल. मंडळी राबणाऱ्यालाच राबवते. मी स्वतः चांगल्या माणसांना असं वापरलेलं आहे, म्हणून बोलतो.

मार्क 6:31 काढा. शिष्य इतक्या धावपळीत होते की जेवायला सवड नव्हती, तेव्हा प्रभू त्यांना एकांतात नेतो, विसावा घ्या म्हणतो. पुढच्या दोन-तीन ओळींत गर्दी त्यांच्या आधी तिथं हजर! तुमचंही तसंच होईल. रायाहून परत याल आणि सोमवारी दाराशी लाइटबिल.

म्हणून घरी चालेल अशी गोष्टही धरा. इग्नातियसच्याच साधनेत एकोणिसावी सूचना आहे, ती कामधंद्यातून सुटका नसलेल्यांसाठी. रोज साधारण दीड तास, घरी राहून, अनेक महिने, मार्गदर्शकाला भेटत राहायचं. दीड तास झेपत नसेल तर अर्ध्या तासापासून धरा. आणि आपल्या मेथडिस्टांच्या घरातही ही सोय होतीच. वेस्लीच्या काळी साधारण बारा जणांचा वर्ग, आठवड्याला भेट, आणि प्रत्येकाला विचारायचं, तुझ्या आत्म्याचं कसं चाललंय? आता वर्ग राहिला रजिस्टरात. चार घरं जमवा, आळीपाळीनं बसा. दिवसभराची शांत बैठक करायची झाली तर भाड्याचं फार्महाउस वगैरे नको. चर्चच्या आवारात, पाळकांना सांगून करा. हल्लीच्या दिवसांत तेच बरं.

घाटावरची:

पाळकसाहेबांचं वहीबद्दलचं शंभर टक्के खरं.

जागेचं म्हणाल तर ईस्टरआधीच्या उपवासकाळातले शनिवार-रविवार सोडून बघा, तेव्हा सगळीकडे गर्दी. खर्चाचं ठिकठिकाणी वेगळं. कुठं राहण्या-जेवण्याची रक्कम ठरलेली, कुठं देणगी. संकोच न करता विचारा. परवडत नाही म्हणून कुणाला सहसा परत पाठवत नाहीत. शुगर असेल तर जेवणाचं आधी कळवा. आणि जोडप्यानं गेलात तरी वेगळ्या खोल्या मागा, नाहीतर पहिल्याच रात्री मौन सुटतं. वहिनींना हे चालेल का?

मच्छेकर:

विचारलं. म्हणाली, तुम्ही दोन दिवस गप्प बसणार असाल तर मी आजच नाव देते.

वहीचं रविवारी समितीत बोलतो. कोण घेईल माहीत नाही, सगळे खाली बघतील. रायाचा नंबर बायको त्यांच्या पॅरिश ऑफिसातून आणणार आहे. आणि घरी करायच्या साधनेसाठी मराठी बोलणारं मार्गदर्शक बेळगावात कुणाला मिळालं असेल तर इथं लिहा. आठवड्यातून एकदा, कामावरून सुटल्यावर सातनंतर जमेल.