मदत हवी आहे : 2022 मध्ये गेलेल्यांची आठवण, कोणाची नावं राहून गेली?

नमस्कार मंडळी. ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीत ज्येष्ठांचा वाचनकट्टा आहे. तो 2022 मध्ये सुरू झाला, म्हणून त्या वर्षी गेलेल्या माणसांना आठवायची एक संध्याकाळ ठरवली आहे.

यादी करायला बसले आणि जानेवारीतच थांबले. 4 तारखेला सिंधुताई सपकाळ, 17 ला एन. डी. पाटील, 27 ला अनिल अवचट. मग 2 फेब्रुवारीला रमेश देव आणि 6 ला लतादीदी. जेमतेम पाच आठवडे! तेव्हा एकेक बातमी सुटी सुटी आली होती. आता एका कागदावर पाहताना हात थांबतो. पुढे 10 मे ला पंडित शिवकुमार शर्मा, 9 ऑगस्टला प्रदीप पटवर्धन, 26 नोव्हेंबरला विक्रम गोखले, 10 डिसेंबरला सुलोचना चव्हाण. सुलोचनाबाईंना पद्मश्री त्याच वर्षी मिळाली होती, हे आवर्जून सांगायचं आहे.

माझी अडचण अशी की यादीत कलावंतच जास्त झालेत. खेळ, विज्ञान, शेती, शिक्षण यांतली मराठी नावं सुचवाल का? तारखेची खात्री करूनच कळवा, कट्ट्यावर चुकीचं वाचायला नको.

आणखी एक. नुसत्या भाषणांनी मंडळी कंटाळतात. अवचटांसाठी नातवंडांकडून ओरिगामी करून घेणार आहोत, ते स्वतः त्यात रमायचे. एन. डी. सरांसाठी असं काय करता येईल?