भविष्यात जाता येते, मग भूतकाळात का नाही?

प्रश्न

मी दहावीला विज्ञान शिकवते. गुरुत्वाकर्षणाचा धडा चालू असताना एका मुलीने विचारले, "बाई, कालप्रवास खरंच शक्य आहे का?" मी तिला जीपीएस उपग्रहांवरच्या घड्याळांचे उदाहरण दिले आणि भविष्यात किंचित पुढे सरकता येते, असे सांगितले. त्यावर तिने लगेच विचारले, "मग मागे का नाही जाता येत?" याचे उत्तर मला देता आले नाही. तिला काय सांगावे?

प्रतिसाद १

आधी उदाहरणात एक दुरुस्ती सुचवतो. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर असल्यामुळे क्षीण गुरुत्वाकर्षणात त्यांची घड्याळे दिवसाला ४५ मायक्रोसेकंद पुढे जातात, वेगामुळे ७ मायक्रोसेकंद मागे पडतात, आणि एकूण ३८ मायक्रोसेकंद पुढेच राहतात. ज्याचे घड्याळ हळू चालते तो भविष्यात जातो. म्हणजे इथे प्रवासी उपग्रह नसून जमिनीवरचे आपण आहोत. त्यापेक्षा अवकाश स्थानकातील अंतराळवीराचे उदाहरण घ्यावे. तिथे उंची जेमतेम ४०० किलोमीटर असल्यामुळे वेगाचा परिणाम वरचढ ठरतो, आणि सहा महिन्यांनी परतलेला माणूस आपल्यापेक्षा सुमारे ५ मिलिसेकंदांनी तरुण असतो.

आणखी एका उदाहरणासाठी मुलांना हात पुढे करायला सांगा. तळहातातून दर सेकंदाला साधारण एक म्युऑन, म्हणजे इलेक्ट्रॉनसारखाच पण त्याहून जड कण, आरपार जातो. हा कण वातावरणात दहा-पंधरा किलोमीटर उंचीवर जन्मतो आणि त्याचे सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद असते. तेवढ्या वेळात प्रकाशाच्या वेगानेही तो ६६० मीटरच कापू शकला असता. तरीही इतके म्युऑन जमिनीपर्यंत पोहोचतात, याचे कारण आपल्या दृष्टीने त्यांचा काळ कितीतरी पट मंदावलेला असतो.

प्रतिसाद २

मूळ प्रश्न मागे जाण्याचा आहे, त्याकडे वळते. पुढे जाताना कारण आधी आणि परिणाम नंतर हा क्रम कुठेही मोडत नाही, फक्त दोघांची घड्याळे वेगळ्या गतीने चालतात. मागे जायचे तर दिक्कालातला, म्हणजे अवकाश आणि काळ यांच्या एकत्रित पटावरचा, मार्ग वळून स्वतःच्याच आरंभाला येऊन मिळावा लागतो, आणि आश्चर्य म्हणजे आइनस्टाइनची गुरुत्वाकर्षणाची समीकरणे अशा मार्गाला सरसकट मनाई करत नाहीत. १९४९ मध्ये गणितज्ञ कुर्ट गोडेल यांनी त्याच समीकरणांतून फिरत्या विश्वाची अशी उकल काढली, ज्यात हे बंद मार्ग अस्तित्वात असतात. मात्र गोडेल यांचे विश्व प्रसरण पावत नाही, आपले पावते, त्यामुळे ती उकल आपल्या कामाची नाही.

भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये वर्महोलचा, म्हणजे दिक्कालातली दोन ठिकाणे जोडणाऱ्या काल्पनिक बोगद्याचा, मार्ग सुचवला. त्याचे एक तोंड प्रचंड वेगाने दूर नेऊन परत आणले, तर दोन तोंडांच्या काळात फरक पडतो आणि एकातून शिरून दुसऱ्यातून आधीच्या वेळी बाहेर पडता येते. अडचण अशी की ते तोंड उघडे ठेवायला ऋण ऊर्जा, म्हणजे शून्याहूनही कमी ऊर्जा, लागते. धातूच्या दोन पट्ट्या अगदी जवळ आणल्या तर मधल्या पोकळीत ती आढळते, पण अत्यल्प प्रमाणात. शिवाय असे यंत्र तयार होते आहे तोच निर्वात पोकळीतील क्वांटम हेलकावे, म्हणजे ऊर्जेचे सूक्ष्म चढउतार, बेसुमार वाढून ते नष्ट करतील, असा तर्क स्टीफन हॉकिंग यांनी १९९२ मध्ये मांडला. तो अजून सिद्ध झालेला नाही, कारण त्यासाठी लागणारा, गुरुत्वाकर्षण आणि क्वांटम सिद्धांत यांना जोडणारा क्वांटम गुरुत्वाचा सिद्धांत आपल्या हाती नाही. म्हणून त्या मुलीला 'अशक्य आहे' असे कृपया सांगू नका.

प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. हे सांगितल्यावर ती पुढे काय विचारेल, तेही मला दिसते आहे: मागे येणे शक्य असेल, तर भविष्यातली माणसे आजवर आपल्याकडे का आली नाहीत?

प्रतिसाद २

वर्महोलच्या यंत्रात त्याचे उत्तर आहे. दोन तोंडांच्या काळात पुरेसा फरक पडला, की त्या क्षणापासूनच मागे येण्याची सोय सुरू होते. त्याआधीच्या काळात शिरायला दारच नसते. असे यंत्र २५०० साली बांधले, तर २६०० मधला माणूस फार तर २५०० पर्यंत मागे येईल, तुमच्या वर्गापर्यंत येऊ शकणार नाही.