डुमसऐवजी दांडी बघा

ताई, दिवाळीत बडोद्याहून सासू-सासरे नि मुलांना घेऊन सुरतेचा डुमस किनारा करायचाय, पण गर्दी नको, असं तुम्ही लिहिलंय. वर दोघांनी सुवाली सुचवलंय. किनारा ऐसपैस आहे आणि 1612 साली इंग्रज-पोर्तुगीज आरमारांची लढाई तिथल्याच पाण्यात झाली, पण वयस्कर माणसं बरोबर असताना मी तरी नेणार नाही. सावली आणि बसायची सोय बेताचीच.

माझं मत दांडीला. सुरतेला न उतरता तसंच पुढे नवसारीला उतरायचं आणि स्टेशनवरून रिक्षा करायची. 6 एप्रिल 1930 ला गांधीजींनी मीठ उचललं ती ही जागा. 2019 मध्ये तिथं स्मारक झालंय. पदयात्रींचे पुरुषभर उंचीचे पुतळे एकामागोमाग चालताना दिसतात, मुलं त्यांच्या रांगेत जाऊन उभी राहतात. सासूबाईंना देवदर्शनही हवं असेल तर वलसाडचं तिथल गाव, किनाऱ्यालाच साईबाबा आणि स्वामीनारायण मंदिर. रविवारी मात्र तिथंही झुंबड.

आता पाण्याचं. खंबातच्या आखाताजवळचा हा सगळा पट्टा. ओहोटीला पाणी लांबवर जातं, मागे घोटाभर चिखल, आणि परततं ते झपाट्यानं. लक्ष्मीपूजन अमावास्येचं, म्हणजे भाऊबीजेपर्यंत उधाणच. सुट्टी पुढे ढकलता आली तर अष्टमीच्या आसपास जा, तेव्हा भांगाची, म्हणजे कमी जोराची भरती असते. पोहायला कुणालाच उतरू देऊ नका.

आणि डुमसची टोमॅटोची भजी चुकणार म्हणून मुलं कुरकुरतील, त्याला इलाज नाही.