अनुभव धागा : 'निसर्गानंच तसं केलंय'

गेल्या महिन्यात कोल्हापुरात, राजारामपुरीत एका डोहाळजेवणाला गेले होते. पोरीचे पाय सुजलेले, बँकेतून अजून सुट्टी मंजूर नाही, ओटी भरून घेता घेता चार वेळा पाठ धरली तिनं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "बाईला सोसायची ताकद निसर्गानंच दिलीय." त्यावर एक जावईबापू ताटातल्या करंजीवरून मान वर करून म्हणाले, "डार्विननंच सांगितलंय की ते."

दहावीला तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं मी. 'आनुवंशिकता व उत्क्रांती' डोळे मिटून म्हणून दाखवीन. डार्विननं सोसण्याबद्दल काही सांगितल्याचं आठवेना. घरी आल्यावर मात्र वाटलं, जावईबापू अगदीच हवेत बोलले नाहीत. पुरुष बुद्धीनं वरचढ असतो, हे १८७१ च्या 'द डिसेंट ऑफ मॅन'मध्ये आहेच. त्याच पुस्तकात मोराचा पिसारा लांडोरीच्या निवडीतून घडला, असंही आहे. त्या काळच्या बऱ्याच विद्वानांनी पहिलं मुकाट मान्य केलं आणि दुसऱ्यावर नाक मुरडलं. मादी निवडते म्हणजे काय! (आपल्याकडं तर लांडोर मोराचे अश्रू पिऊन गाभण राहते. निवडीची भानगडच नको.)

तर 'निसर्गानंच तसं केलंय' हे वाक्य तुम्हाला कुणी, कधी, कशासाठी ऐकवलं? तुम्ही कुणाला ऐकवलं असेल तर तेही लिहा. नावं घेऊ नका. पुस्तकातलं चालेल, पण घडलेल्या गोष्टीला चिकटून आलं तरच.

— निवृत्त बाई

*

मॅडम, आपण पैलवानकी सोडून आठ वर्सं झाली, तरी सकाळी तालमीत जातोय. पोरांच्या मोबाईलवर हल्ली एकच रील. काळा लांडगा, मागं ढोल, आणि 'अल्फा मेल कुणापुढं झुकत न्हाई'. एक पोरगं तर बायकोशी बोलंना. का? अल्फा, म्हंजे कळपाचा म्होरक्या नर, बोलत नसतोय म्हणं.

मी जरा वाचलं त्या लांडग्याचं. एकमेकांची वळख नसलेले लांडगे कुंपणात कोंडले, ते भांडले, त्यावरनं हे अल्फा निघालं. डेव्हिड मीच म्हणून अमेरिकेतला शास्त्रज्ञ हाय, त्यानं १९७० च्या पुस्तकात ते घातलं आणि जगभर झालं. पुढं त्यानंच रानातले कळप वर्सानुवर्सं बघितले. कळप म्हंजे काय, तर आई, बाप आणि त्यांची पोरं. १९९९ ला त्यानं तसं लिवलं, आणि आपलंच जुनं पुस्तक छापू नका म्हणून प्रकाशकाच्या मागं लागला. ह्येची रील कोण काढतंय?

पोरांस्नी सांगितलं तर हसली. वस्ताद हौद्यातल्या मातीत ताक आणि हळद कालवत होते, त्यांनी वर न बघता विचारलं, "लांडगा व्हायचं असंल तर आधी माती खणायला कोण येणार? परवापासनं कुणी फिरकंना."

— हौद्यातला

*

आमचं करवीर तालुक्यातलं गाव. घरात चार म्हशी. गेल्या वर्षी धाकटी म्हैस माजावर आली तवा मामंजी रेतनाला आलेल्या डॉक्टरला म्हणाले, "साधी कांडी नको, रेडीच व्हायची घाला." ती कांडी महाग पडते, पण शंभरातल्या नव्वदांना रेडी होते. रेड्याच्या वीर्यातले एक्सवाले, म्हंजे रेडी घडवणारे, शुक्राणू यंत्रानं निवडून घेतलेले असतात. त्यांच्यात डीएनए थोडा जास्त असतो, त्यावरनं यंत्राला कळतं. तो डॉक्टर नळकांड्यातनं वाफा काढत कांडी काढायला लागला की सगळं घर गोठ्यात. रेडी का रेडा ते बापाकडनं ठरतं, हे गोठ्यात शेंबड्या पोरालाबी पाठ.

उंबऱ्याच्या आत आलं की विसरायला होतं. मला दोन मुली. आत्याबाई सगळ्या गल्लीला सांगायच्या, "हिच्या पोटातच पोरगा न्हाई." आमचे हे म्हणायचे, "वंश पोराकडनं चालतो, निसर्गाचा नियम हाय." ह्या असल्या नियमापायी २००१ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात सहा वर्सांच्या आतल्या हजार पोरांमागं ८३९ पोरी उरल्या होत्या. सोनोग्राफीचा कायदा त्याआधी, १९९४ चा.

थोरली आता अकरावी सायन्सला. एक दिवस भाकरी खाता खाता म्हणाली, "आज्जी, पेशीत मायटोकॉन्ड्रिया असतात, त्या फक्त आईकडनं येतात. बाबांच्यात तुझ्या हैत. पण बाबांकडनं आमच्यात आल्या न्हाईत, आमच्या आईकडनं आल्या."

आत्याबाईंचा घास हातातच. "म्हंजे माझा वंश बुडला का काय गं?"

"न्हाई की. आत्या हाय, आत्याची पोरगी हाय."

त्या दिवसापास्नं वन्सं माहेरी आल्या की त्यांचं जरा जास्तच कौतुक चाललंय. माझ्या पोरींचं काय, ते अजून ठरलं न्हाई.

— चार म्हशी, दोन मुली

*

एम.एस्सी.ची दोन वर्षं माझी फळमाश्या मोजण्यात गेली. बाटलीत रवा-गुळाचं खाद्य, ईथरचा वास, पांढऱ्या टाइलवर ब्रशनं नर इकडं, मादी तिकडं. नराच्या पोटाचं टोक काळं असतं, चार दिवसांत नजर बसते.

बेटमन या शास्त्रज्ञाचा फळमाश्यांवरचा १९४८ चा प्रयोग शिकवताना सर म्हणाले होते, "पोरींनो, लाजणं माशीलाही कळतं." आम्ही हसलो. मीही हसले. प्रयोगाचा निष्कर्ष असा होता की नराला जितक्या जास्त माद्या तितकी जास्त पिल्लं, मादीला जास्त नरांचा तसा फायदा नाही. तिथून नर उतावळा आणि मादी लाजरी हे सूत्र निघालं. १९७२ मध्ये उत्क्रांतीचा अभ्यासक ट्रिव्हर्सनं आईबापाच्या गुंतवणुकीच्या सिद्धांतात ते घेतलं, आणि बघता बघता ते माशीवरून माणसावर येऊन बसलं. लग्न ठरवणाऱ्या मावश्यांपर्यंत पोचलं.

आता गंमत. १९४८ ला डीएनए तपासणी नव्हती. कोणतं पिल्लू कुणाचं हे कळावं म्हणून बेटमननं दिसणारे दोष असलेल्या माश्या वापरल्या. कुणाचे पंख वाकडे, कुणाचे डोळे बारीक. पण आईकडून एक आणि बापाकडून एक असे दोन दोष आलेली पिल्लं बरीचशी मोजणीला येण्याआधीच मरतात. म्हणजे ज्यांच्यावर हिशेब मांडायचा तेच वहीत नाहीत. २०१२ साली पॅट्रिशिया गोवाटी आणि सहकाऱ्यांनी तोच प्रयोग पुन्हा केला तेव्हा हे उघड झालं. तोवर चौसष्ट वर्षं झाली होती. माशी स्वस्त, बाटली स्वस्त, प्रयोग कुणीही करावा असा. पण उत्तर पटलेलं असलं की ताळा कोण करतं?

मला राग स्वतःचाच येतो. माझ्याही बाटलीत वाकड्या पंखांची पिल्लं मरत होती. मी वहीत लिहिलं होतं, 'खाद्य सुकले.'

— सागरमाळ

*

कळंबा तलावावर पावसाळ्यात या, कमळपक्षी दाखवतो. मादी थोराड, तिच्या हद्दीत दोन-तीन नर. ती प्रत्येकाला चार अंडी देते आणि चालती होते. उबवणं, राखणं, पिल्लं सांभाळणं, सगळं बापाकडं. धोका दिसला की बाप पिल्लांना पंखाखाली घेऊन पानांवरून पळतो. पिल्लांचे पाय बाहेर लोंबत असतात, त्यामुळं बापालाच आठ-दहा पाय फुटल्यासारखे दिसतात.

हे मी घरी अगदी रंगवून सांगितलं. बायको म्हणाली, "पाहून झालं असेल तर आपल्या पिल्लाला अंघोळ घाला."

— दुर्बीणवाला

*

आमच्या मामाचं मत : पाळी गेली की निसर्गाच्या लेखी बाई संपली. मी त्याला क्रिस्टन हॉक्स ही मानववंशशास्त्रज्ञ सांगून बघितली. टांझानियातल्या हाड्झा लोकांत म्हाताऱ्या बायका दिवसभर कंदमुळं खणतात, लेकीचं तान्हं असलं की थोरल्या नातवंडांची पोटं आजीच्या खणण्यावर भरतात. बाई पाळीनंतर इतकी वर्षं का जगते, याचं हे एक उत्तर. माणसाशिवाय असं जगणारे प्राणी फार थोडे, त्यात काही देवमासे. मामा म्हणाला, "अंदाज आहे हा." बरोबरच आहे, अंदाजच आहे. पण त्याचं वाक्य तरी कुणी मोजून काढलं होतं?

आजी लसूण सोलत ऐकत होती. "त्येला एवढं आफ्रिकेत कशाला जायला पायजे? तुझ्या बायकोच्या तिन्ही बाळंतपणांत मी काय रिकामा बसलो होतो व्हय?"

— नात

*

मी पुरुष, मला पुरुष आवडतात. एकोणिसाव्या वर्षी घरच्यांनी एका समुपदेशकाकडं नेलं. कागदावर नर आणि मादी अशी दोन वर्तुळं काढून तो म्हणाला, "उत्क्रांतीत तुझी जागाच नाही." समलिंगी संबंध गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मध्येही निसर्गक्रमाविरुद्ध असे शब्द होते, १८६० च्या कायद्यातले. म्हणजे 'ओरिजिन ऑफ स्पीशीज'नंतर एकाच वर्षानं आलेले. निसर्ग म्हणजे काय, यावर दोन्हीकडं एकाच वेळी लिखाण चालू होतं म्हणायचं.

६ सप्टेंबर २०१८ ला त्या कलमाचा निकाल लागला आणि आमचे संबंध गुन्हा राहिले नाहीत, तेव्हा मी रंकाळ्यावर भेळेची पुडी घेऊन बसलो होतो. फोन थांबेना. एका चांगल्या मित्रानं चिंपांझीच्या जातकुळीतल्या बोनोबोंचा व्हिडिओ पाठवला, माद्या माद्यांशी कशा जवळीक करतात तो. खाली लिहिलं होतं, 'बघ, तू नैसर्गिक आहेस!' त्याचा हेतू सोन्यासारखा. पण मला कसंतरीच झालं. तलाठ्याचा दाखला मिळवताना जीव जातो, त्यात आता बोनोबोचाही लागणार का?

पुडी गार झाली, म्हणजे भेळ गारच असते, पण मऊ पडली. तशीच खाल्ली.

— संध्यामठाकडचा

*

वरच्या दादांना दुजोरा. दाखले मागायला लागलो तर नको तेही निघतील. साराह हर्डी ही अमेरिकन संशोधक १९७१ पासून अबूच्या डोंगरावर आपल्याच हनुमान लंगुरांचा अभ्यास करत होती. बाहेरचा नर टोळी बळकावतो तेव्हा तान्ही पिल्लं मारतो, हे तिनं मांडलं. माद्या अनेक नरांशी संग करतात आणि बाप कोण याचा घोळ घालून पिल्लू वाचवतात, हेही तिनंच. लाजरी मादी तिथंच निकालात निघाली. पण पिल्लं मारणं नैसर्गिक आहे म्हणून कुणी त्याची पूजा घालत नाही ना? कमळपक्षीही घरी नेऊ नका, दुर्बीणवाले. अंघोळ तशीच घाला.

— एक वाचक

*

आमचं घर ओढ्यावरच्या रेणुकेजवळ. लहानपणी आंबील यात्रेला साडी नेसलेले, हळदीनं माखलेले जोगते, म्हणजे देवीला वाहिलेले पुरुष, दारात यायचे, डोक्यावर जग (देवीची मूर्ती ठेवलेली टोपली), मागं चौंडकं वाजत. आई सुपातून जोंधळा घालायची. त्यातले एक आमच्याकडं पाणी प्यायला नेहमी टेकायचे. सगळे त्यांना मावशी म्हणायचे.

मी फार्मसीला गेलो आणि शहाणा झालो. एकदा त्यांना म्हणालो, "मावशी, हे देवीचं नसतंय. संप्रेरकांचं असतंय, नाहीतर जनुकांचं." माझ्या मते मी त्यांना अंधश्रद्धेतून सोडवत होतो. त्यांनी तांब्या खाली ठेवला. "आधी लोक म्हणायचे, देवीनं झाड धरलं. आता तू म्हणतोस रक्तात हाय. तुला कवा कुणी विचारलं का रं, तू पुरुष कशानं झालास?"

कुणीच विचारलं नव्हतं. आजवर नाही. २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं तृतीयपंथीयांना स्वतःची ओळख स्वतः सांगायचा हक्क दिला, तेव्हा मला न्यायालयाआधी तो तांब्या आठवला. मावशी त्या आधीच गेल्या होत्या.

— चौंडकं

*

शेवटून लिहितोय. इथल्या आजीबाईंचं 'रिकामा बसलो' वाचून राहवलं नाही.

बाहेरच्यांसाठी सांगतो : कोल्हापूरकडं बायकाही 'मी येतो, मी जातो' म्हणतात. माझी आई, आत्या, शेजारच्या काकी, सगळ्या. मी मुलगी म्हणून वाढलो आणि बारावीपर्यंत माझ्या बोलण्यात कुणाला काही वावगं दिसलं नाही. पुण्याला हॉस्टेलवर गेलो आणि पहिल्याच दिवशी पोरी हसल्या. "अगं, येते म्हण, येते!" एकीनं शास्त्र सांगितलं. पुरुष शिकारी, म्हणून मोजकं बोलतो, बाई फळं वेचणारी, म्हणून गोड बोलते, मेंदूच तसा घडलाय. (२०२० मध्ये पेरूमधल्या सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका तरुण बाईच्या दफनाबद्दल वाचलं. तिच्यासोबत दगडी भाल्याच्या टोकांसह शिकारीचा अख्खा संच पुरलेला होता. ती काय बोलत असेल, मोजकं की गोड?) मी वर्षभर 'येते, जाते' घोकलं. दर वेळी दुसऱ्याची चप्पल घातल्यासारखं व्हायचं.

पुढं बऱ्याच वर्षांनी मला कळलं की मी पुरुष आहे. आईला सांगायला दिवाळीत आलो. ती चकल्या पाडत होती. सगळं ऐकून सोऱ्या तसाच हातात धरून बसली, मग म्हणाली, "आणि बोलण्यात काय बदलायचं?"

"काही नाही. मी 'येतो'च म्हणणार."

"मग आत्तापत्तोर काय म्हणत होतास?" म्हणाली. 'होतास' म्हणाली, आणि तेल तापलंय का ते बघायला उठली.

सोपं झालं असं नाही. वडील वर्षभर बोलले नाहीत. आईचीही जीभ अजून अडखळते. परवा फोनवर म्हणाली, "कधी येतीस?" मग जरा थांबून, "येतोस?"

"शनिवारी येतो."

"ये. मी पण स्टँडवर येतो."

— शनिवारची गाडी