गेटचा रिमोट सिग्नल सोडतोय की नाही, कसं तपासायचं?

सरकत्या गेटचा दोन बटणांचा रिमोट आहे. बटण दाबलं की लाल दिवा लागतो, गेट मात्र ढिम्म. मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून पाहिला, काहीच चमकलं नाही. म्हणजे रिमोट गेला का? नवा घेण्याआधी खात्री करायची आहे. मल्टिमीटर आहे.

प्रतिसाद १
कॅमेऱ्याची युक्ती फक्त टीव्ही, एसीच्या इन्फ्रारेड रिमोटला चालते. गेटचे रिमोट बहुतेक रेडिओ लहरींवर, ४३३.९२ किंवा ३१५ मेगाहर्ट्झवर चालतात. त्या कॅमेऱ्याला दिसायच्या नाहीत. आणि लाल दिवा लागला म्हणजे सिग्नल गेला, असंही नाही.

आधी सेल बघा, पण बटण दाबून धरलेलं असताना. नुसता सेल मोजला तर थकलेला सीआर२०३२ (नाण्यासारखा चपटा ३ व्होल्टचा सेल) सुद्धा ३ व्होल्ट दाखवतो. बटण दाबल्यावर २.५ च्या खाली घसरला तर बदला. आत १२ व्होल्टचा छोटा २३ए सेल असेल तर तो ९-१० वर आला तरी दिवा लागतो, पल्ला मात्र हातभर उरतो. रिमोट गेटच्या मोटरजवळच्या रिसीव्हरच्या (सिग्नल घेणाऱ्या भागाच्या) अँटेनाला अगदी चिकटवून दाबून बघा.

प्रतिसाद २
सेल ठीक निघाला तर ४३३ मेगाहर्ट्झचं साधं रिसीव्हर मॉड्यूल घ्या (रिमोटवर ३१५ छापलं असेल तर ३१५ चं). ५ व्होल्ट द्या, अँटेनाच्या जागी १७ सेंमी वायर जोडा (३१५ ला साधारण २४), डेटा पिन आणि ग्राउंडमध्ये १० किलोओहमच्या रेझिस्टरमधून इअरफोन लावा. एरवी नुसती खरखर येईल. ती गोंगाटाची असते, त्यामुळे इअरफोनऐवजी एलईडी लावू नका, तो उगाचच लुकलुकत राहतो. बटण दाबल्यावर खरखर थांबून एकसुरी गुर्रगुर्र आली, तर रिमोट बोलतोय.

प्रतिसाद ३
मॉड्यूलवर एक गोष्ट कळत नाही: फ्रिक्वेन्सी सरकली आहे का. हे रिसीव्हर बरेच ढिले असतात, थोडं सरकलेलंही ऐकतात. आरटीएल-एसडीआर डोंगल (संगणकाच्या यूएसबीला लावायचा रेडिओ रिसीव्हर) असेल तर ४३३.९२ वर लावून वॉटरफॉलमध्ये, म्हणजे पडद्यावर सरकणाऱ्या फ्रिक्वेन्सीच्या चित्रात, रेघ कुठे उमटते ते बघा. रिमोट एक-दोन मीटर लांब धरा आणि गेन (सिग्नल वाढवण्याचं प्रमाण) कमी ठेवा. जवळ धरला की डोंगल भांबावतं आणि पाच-सहा खोट्या रेघा दाखवतं.

रेघच नसेल तर बोर्डवरचा सॉ रेझोनेटर बघा, फ्रिक्वेन्सी ठरवणारा धातूच्या टोपीचा छोटा भाग. रिमोट आपटला की आतला क्वार्ट्झ तडकतो किंवा पायाचं सोल्डर सुटतं. सोल्डर पुन्हा वितळवून पाहणं फुकटचं काम आहे, ते आधी करा.

प्रश्नकर्ता
सेल बटण दाबल्यावर २.९ व्होल्ट. मॉड्यूलवर गुर्रगुर्र स्पष्ट येते, दोन्ही बटणांना.

प्रतिसाद १
मग गेटच्या रिसीव्हरकडे वळा. तिथला पुरवठा आणि अँटेनाची वायर तपासा. ते ठीक असेल आणि रिमोट रोलिंग कोडचा (दर दाबाला नवा कोड पाठवणारा) असेल, तर रिसीव्हरवरच्या लर्न बटणाने तो पुन्हा नोंदवा. गेटपासून लांब असताना खिशात खूपदा दाबला गेला की रिमोटमधली कोडची मोजणी पुढे निघून जाते आणि रिसीव्हर त्याला ओळखत नाही.