मदत हवी आहे: सशांनी पीक ठेवलं नाही, वस्तीनं मिळून बंदोबस्त कसा करायचा?

माळावरची_वस्ती
सशांनी पार वैताग आणलाय. दोनदा नांगे भरले, म्हणजे गेलेल्या रोपांच्या जागी परत बी टोकलं, आता तिसरी वेळ. कडेनं जुन्या साड्या बांधल्या. चार दिवस गप्प होते, मग शेजारच्या रानात गेले. शेजाऱ्यांनी साड्या लावल्या की ससे परत माझ्याकडं. असं एकमेकांच्या रानात हाकलून उपयोग नाही म्हणून वस्तीवरचे चौदा जण मिळून काहीतरी करायचं म्हणतोय. कुणी गावानं मिळून सशाचा बंदोबस्त केलाय का? काय केलं, कसं केलं? उद्या संध्याकाळी बैठक आहे, लवकर सांगा.

भीमाकाठ
पीक कुठलं? किती दिवसांचं? तालुका कुठला? एवढं तरी सांगा की राव.

राजा_सांगोला
डाळिंब असेल तर खोडाला पोत्याचा पट्टा गुंडाळा, जमिनीपासून दोन फूट. माझी नवीन लागण होती, सशांनी साली सोलून खाल्ल्या. पोती बांधल्यापासून एक झाड गेलं नाही. बाकी काही करायची गरज नाही.

माळावरची_वस्ती
डाळिंब नाही हो. हरभरा. सतरा दिवसांचा.

शिवार_७७
भाऊ, फोरेट कीटकनाशक गुळात कालवून बांधावर ठेवा. दोन रात्रीत साफ.

कृषीताई_बार्शी
शिवार, असलं काही सांगू नका. फोरेटवर २०२० च्या शेवटापासून बंदी आहे. आणि ससा एकटाच खाणार आहे का ते? मेंढरं, कुत्री, मोर, मुंगूस, मेलेला ससा उचलणारी घार, सगळे जाणार. वस्तीवर लहान मुलं असतात. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली ससा संरक्षित आहे. विष, फासा, वाघर (ससे धरायचं जाळं), काहीही केलं तरी शिकारीचा गुन्हा, आणि मिळून केलं तर चौदाच्या चौदा घरं अडकतील.

शिवार_७७
ताई, कायदा आम्हाला खायला घालतो का? आमचे आजोबा वाघर लावायचे, तेव्हा कुणी विचारत नव्हतं.

कृषीताई_बार्शी
राग समजतो. माझंही रान आहे, माझंही नुकसान होतं. पण विषाचा सल्ला इथं राहू देणार नाही.

दूरदेशी_सोलापूरकर
मी ऑस्ट्रेलियात राहतो. इथे १८५९ साली व्हिक्टोरिया प्रांतात थॉमस ऑस्टिन नावाच्या जमीनदाराने शिकारीसाठी चोवीस ससे सोडले आणि पुढे अर्धा देश त्यांनी खाल्ला. पश्चिमेकडे शेकडो मैलांचं कुंपण घातलं, १९५० मध्ये मिक्सोमॅटोसिस हा सशांना मारणारा विषाणूचा रोग सोडला, तरी संपले नाहीत. आता शेजारीशेजारी गट करतात. सगळे एकाच हंगामात बिळं नांगरून काढतात, धुरी देतात, कारण एकाने केलं आणि दुसऱ्याने सोडलं तर महिन्यात परत तेच. तुम्ही हेच करा, एकाच दिवशी सगळी बिळं ट्रॅक्टरने फोडा.

माळढोकप्रेमी
दादा, तिकडचा ससा वेगळा, आपला वेगळा. तुमचा तो युरोपातला, जमिनीखाली बिळांची वसाहत करून राहतो, पिल्लं आंधळी नि उघडी जन्मतात. आपल्या माळावरचा ससा बीळ करत नाही. गवतात नाहीतर ढेकळाआड अंगापुरता खळगा करून बसतो. पिल्लू जन्मतःच केसाळ, डोळे उघडे. फोडायला बीळच नाही तर ट्रॅक्टर कशावर चालवायचा? शिवाय तिकडं तो बाहेरून आणून सोडलेला, इथं तो इथलाच.

शिवार_७७
मी स्वतः बिळात शिरताना बघितलाय.

माळढोकप्रेमी
कुत्रं मागं लागलं की खोकडाच्या नाहीतर सायाळीच्या बिळात घुसत असेल. स्वतः खणत नाही.

दूरदेशी_सोलापूरकर
बरोबर, बिळाचं मागे घेतो. पण शेजाऱ्यांनी एकाच वेळी करायचं, हे इथेही लागू आहे.

भीमाकाठ
तालुका अजून सांगितला नाही. आणि दुसरं, रोपं गायब आहेत का कापून तिथंच पडलीत?

माळावरची_वस्ती
उत्तर सोलापूर. नान्नजच्या अलीकडं. पूर्वेच्या कडेला पहिल्या आठ-दहा ओळीत शेंडे गायब आहेत. मध्ये मध्ये रोपं आडवी पडलीत. ससाच आहे हो, रात्री बॅटरीत डोळे चमकताना बघितलेत.

भीमाकाठ
मग दोन वेगळी दुखणी आहेत. सशानं खाल्लेला शेंडा तिरका, ब्लेडनं कापल्यासारखा दिसतो आणि तोडलेलं तो खाऊन जातो. हरणाला वरचे पुढचे दात नसतात, त्यानं ओढलेला दांडा फाटल्यासारखा राहतो. पण मध्ये रोप जमिनीलगत कापून तिथंच आडवं पडलंय ना, ती देठ कुरतडणारी अळी. पडलेल्या रोपाच्या बुडाशी दोन बोटं माती उकरा, काळपट अळी गोल वळून बसलेली सापडेल. चौदा जणांनी कुंपण केलं तरी ती थांबायची नाही.

माळावरची_वस्ती
आत्ता बॅटरी घेऊन जाऊन आलो. पाच रोपं उकरली, तीन ठिकाणी अळी निघाली. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. दोन वेळा नांगे भरताना सगळा दोष सशाला दिला.

नवउद्योजक
सशासाठी पिंजरा दोन फूट बाय दोन फूट, तळाला जाळी. न्यूझीलंड व्हाइट जात घ्या, वजन चांगलं भरतं. सुरुवात दहा माद्या आणि दोन नरांवर करा.

कृषीताई_बार्शी
त्यांना ससे पाळायचे नाहीत, घालवायचेत.

माळढोकप्रेमी
नान्नज म्हटल्यावर विचारतो, पूर्वेला काय आहे? वनखात्याचं गवत?

माळावरची_वस्ती
हो. तार ओलांडली की गवताळ रान.

माळढोकप्रेमी
हे पहिल्याच ओळीत यायला हवं होतं. ते माळढोक पक्ष्याचं अभयारण्य, १९७९ चं आहे. तिथं काळवीटही आहे, तो वन्यजीव कायद्याच्या अनुसूची एकमधला, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षण असलेला, त्यामुळं काहीही करताना त्याला इजा नको. मासे धरायची जाळी लावू नका, नराची शिंगं अडकतात. ससे गवतात राहणारच. आणि लांडगा, खोकड, गरुड हेच सशाला आवरतात. वस्तीवर कुणी लांडग्याच्या पिल्लांच्या घळी बुजवत असेल तर आधी ते थांबवा. एवढं मनापासून सांगतो.

धनगरवाडा
लांडगा आमची मेंढरं नेतो, ते कोण भरून देणार? तरी एक सांगतो. गवताच्या कडेच्या रानात पेरणीआधी मेंढरं बसवली, कुत्री रात्रभर फिरली, तर त्या बाजूला ससा कमी फिरकतो. आमच्या अनुभवात आठ-पंधरा दिवस. खत मिळतं ते वेगळं.

मोहोळ_कोरडवाहू
आम्ही सात जणांनी मिळून केलंय, म्हणून लिहितो. प्रत्येकानं आपापल्या रानाला गोल जाळी केली तर तार जास्त लागते आणि ससा मधल्या बांधांवरच मुक्काम करतो. आम्ही सगळ्यांची रानं एक धरून फक्त गवताकडची बाजू बंद केली. कोंबडीची जाळी, बोटभर भोकाची, तीन फूट उंच. खालची अर्धा फूट बाहेरच्या बाजूला दुमडून त्यावर दगड-माती. हे दुमडणं सोडलं तर ससा जाळीखालच्या फटीतून घुसतो, आम्ही पहिल्या वर्षी फसलो. वर्गणी बाजूच्या लांबीवर नाही, एकरावर काढली. कारण कडेच्या माणसाच्या जाळीमुळं आतल्याचं रान वाचतं.

दुसरं, पेरणी एका आठवड्यात उरका. ज्याचं एकट्याचं आधी उगवतं त्याच्यावर सगळे तुटून पडतात. पहिले तीन आठवडे काढले की झाड दांडगं होतं. आणि मधल्या बांधावरचं उंच गवत, वेडी बाभूळ पेरणीआधी काढा, म्हणजे दिवसा दडायला जागा राहत नाही.

राजा_सांगोला
विजेच्या तारेचं झटका मशीनच लावा की, जाळीचा खटाटोप कशाला?

मोहोळ_कोरडवाहू
रानडुकराला चालतं. सशाला तार वीतभर उंचीवर लागते, गवत टेकलं की झटका जमिनीत जातो. रोज गवत कोण काढणार? आणि मेनलाइनवरून थेट करंट कुणी सोडू नका, माणसं मेलीत त्यानं.

कृषीताई_बार्शी
डुक्कर किंवा काळविटाचं नुकसान असेल तर तीन दिवसांच्या आत वनखात्याकडं तक्रार द्या, पंचनामा होऊन भरपाई मिळते. फोटोत खूर दिसू द्या. नुसत्या सशावर मिळालेली मी तरी बघितली नाही. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत सौर कुंपणाला अनुदान आहे, गाव यादीत आहे का ते वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारा.

माळावरची_वस्ती
बैठक झाली. अकरा जण वर्गणीला तयार. एकराचा हिशेब म्हटल्यावर कडेचे दोघं, जे सगळ्यात जास्त भांडायचे, तेच पहिले हो म्हणाले. मेंढरं बसवायचंही बोललो. अळीचं उद्या कृषी सहायकांना दाखवतो. अडचण एकच. पूर्व कडेचं मधलं चार एकर पुण्याला नोकरीत असलेल्या एकाचं आहे, फोन उचलत नाहीत. तेवढी जागा उघडी राहिली तर सगळं वाया.

मोहोळ_कोरडवाहू
त्यांचं रान वाट्यानं कोण करतं?

माळावरची_वस्ती
माझा चुलत भाऊ.

मोहोळ_कोरडवाहू
मग पुण्याला फोन कशाला लावताय? पीक त्याचंही जातंय. जाळी त्याला लावू दे, पैसे मालकाच्या वाट्यातून सुगीला वळते करा. आम्ही तसंच केलं.

माळावरची_वस्ती
आत्ताच त्याच्याकडं निघालोय.