तंबाखूच्या पाण्यापेक्षा निंबोळी अर्क बरा

जास्वंदीवरील मावा आणि पिठ्या ढेकूण या किडींसाठी तंबाखूचे पाणी फवारण्याचा उपाय सुचवला जातो, त्याबाबत थोडे सांगतो. तंबाखूतील निकोटिन वनस्पतीजन्य असले तरी माणसालाही विषारी असते आणि ते त्वचेतूनही शरीरात जाते. शिवाय वाळलेल्या तंबाखूत टिकून राहणारा मोझॅक विषाणू टोमॅटो व मिरचीच्या रोपांना लागू शकतो, म्हणून घरच्या बागेत, विशेषतः भाजीपाल्यावर, तो उपाय मी टाळावा असेच सुचवेन.

त्याऐवजी पाच टक्के निंबोळी अर्क करावा. सावलीत वाळवलेल्या निंबोळ्यांची ५० ग्रॅम भरड फडक्यात बांधून रात्रभर पाण्यात भिजवावी, सकाळी पुरचुंडी पिळत राहावे, पांढरट पाणी येणे थांबले की अर्क गाळून एकूण एक लिटर करावा आणि त्यात थोडे रिठ्याचे पाणी मिसळावे. पिठ्या ढेकणाच्या अंगावर मेणचट थर असल्याने नुसते पाणी ओघळून जाते. रिठ्यामुळे अर्क तेथे चिकटतो.

निंबोळीतील अझाडिरॅक्टिन किडीची भूक मारते आणि तिची कात टाकण्याची क्रिया बिघडवते, त्यामुळे कीड लगेच मेली नाही म्हणून अर्क निकामी ठरवू नये. उन्हात हे द्रव्य लवकर विघटित होते. फवारणी संध्याकाळी, मधमाश्या परतल्यावर, आणि मुख्यतः पानांच्या खालच्या बाजूस करावी. अर्क त्याच दिवशी संपवावा. दर आठवड्याला फवारणी करताना कळ्यांच्या देठाशी जमलेला मावा आधी पाण्याच्या धारेने धुऊन काढल्यास अर्कही कमी लागतो.